ब्रेस्ट कॅन्सरच्या ऑपरेशननंतर चालायला कधी लागायचं, धावायला कधी

ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन झालं की त्याच संध्याकाळी, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी नर्स येऊन सांगते, "उठा, वॉर्डात एक चक्कर मारून या." घरी आल्यावर मात्र सासूबाई, आई, शेजारच्या काकू आणि फोनवरची नणंद सगळ्या मिळून बजावतात, "पडून राहा, हात अजिबात हलवू नकोस." माया दोन्हीकडे आहे, पण बरोबर नर्सच आहे.

या ऑपरेशनात पायांना काहीच झालेलं नसतं. पोटावरची चरबी आणि कातडी घेऊन नवा स्तन तयार केला असेल तेवढा अपवाद. एरवी जखम छातीवर आणि काखेत असते. आणि पडून राहण्याचे तोटे खरे असतात. कॅन्सरमुळे रक्तात गुठळ्या होण्याचा धोका आधीच वाढलेला असतो, त्यात पोटऱ्या हलल्या नाहीत की तो आणखी वाढतो. भूल दिल्यानंतर फुप्फुसांच्या तळाशी कफ साचतो, पोट साफ होत नाही, झोप बिघडते. दिवसातून चार-पाच वेळा पाच-दहा मिनिटं घरातल्या घरात, गॅलरीत, सोसायटीच्या आवारात चाललं की यातलं बरंचसं टळतं.

पहिल्या दिवसांत सगळ्यांना भीती वाटते ती ड्रेनची. काखेजवळून एक नळी बाहेर येते आणि तिच्या टोकाला हवा दाबून काढलेला प्लास्टिकचा डबा असतो. त्यात आधी लाल, मग गुलाबी, मग पिवळसर पाणी जमतं. हा डबा हातात धरून चालायचं नाही, कारण हात अवघडतो आणि नळीला हिसका बसतो. कापडाची छोटी पिशवी शिवून ती खांद्यावरून तिरकी, चांगल्या बाजूने घालायची आणि डबा जखमेच्या खाली राहील असं बघायचं. वर ओढणी घेतली की दिसतही नाही. रोज किती मिली पाणी आलं ते वहीत लिहून ठेवायचं. चोवीस तासांत साधारण 30 मिलीच्या आत आलं की डॉक्टर ड्रेन काढतात. प्रत्येक सर्जनचा आकडा थोडा वेगळा असतो. ड्रेन निघाल्यावरही कधीकधी आत पाणी साचतं, हलताना डुचमळल्यासारखं वाटतं. याला सेरोमा म्हणतात. डॉक्टर ते सुईने काढतात. सेरोमा असताना चालायला हरकत नसते, धावायला असते.

चालण्याचा वेग मोजायला घड्याळ लागत नाही. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, हा व्यायामाचा वेग. गाणंही म्हणता येत असेल तर ती शतपावली झाली. पहिल्या आठवड्यात शतपावलीच पुरे. तीन-चार आठवड्यांत हळूहळू सलग तीस मिनिटांपर्यंत जायचं.

या काळात आरशात एकदा स्वतःची चाल बघावी. ऑपरेशनच्या बाजूचा हात कोपरात दुमडून पोटाशी घट्ट धरलेला, तो खांदा पुढे आणि खाली झुकलेला, मान दुसऱ्या बाजूला. जखम जपायची म्हणून शरीर आपोआप असं करतं, आणि जखम भरल्यावरही ते सुटत नाही. पुढे धावायचं असेल तर ही सवय इथेच मोडायला हवी. चालताना दोन्ही हात मोकळे सोडायचे, सहज झुलू द्यायचे.

खांदा आधी, पळणं मागून

पायांनी पळतो हे खरं, पण पळताना कोपर प्रत्येक पावलागणिक मागे जातं आणि छातीचा पिंजरा उलट दिशेला वळतो. छातीची पुढची बाजू आखडलेली असेल तर हात मागे जात नाही, मग शरीर ती कसर कमरेतून आणि मानेतून भरून काढतं. दोन-तीन आठवड्यांनी मान धरते किंवा विरुद्ध बाजूचा खुबा दुखायला लागतो, आणि बाई म्हणते, "मला पळणं झेपत नाही." पळणं झेपत असतं, खांदा अडवत असतो.

ब्रिटनमध्ये प्रॉस्पर नावाची एक चाचणी झाली. ज्यांच्या खांद्याला पुढे त्रास होण्याची शक्यता जास्त होती अशा 392 स्त्रिया त्यात होत्या. निम्म्यांना नुसतं माहितीपत्रक दिलं, निम्म्यांना फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली ऑपरेशननंतर साधारण 7 ते 10 दिवसांनी व्यायाम सुरू करून दिला. वर्षभराने व्यायाम करणाऱ्यांचा हात जास्त चांगला चालत होता आणि त्यांच्यात सूज किंवा जखमेच्या तक्रारी वाढलेल्या दिसल्या नाहीत. निष्कर्ष 2021 साली प्रसिद्ध झाले. आपल्याकडे मात्र डिस्चार्जच्या कागदावर 'फिजिओथेरपी' एवढा एकच शब्द असतो आणि तो कागद फायलीत जातो. माझ्या मते या आजारात सगळ्यात सहज टाळता येण्याजोगं नुकसान हेच आहे.

सुरुवातीला हात खांद्याच्या रेषेपर्यंतच उचलायचा. ड्रेन निघाला आणि डॉक्टरांनी परवानगी दिली की भिंतीचा व्यायाम. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, दोन बोटं कोळ्यासारखी वर वर चढवायची, ओढ लागली की थांबायचं, पाच श्वास घ्यायचे, बोटं तशीच उतरवायची. जिथपर्यंत पोचलो तिथे पेन्सिलीने खूण करून तारीख लिहायची. मग भिंतीकडे कूस करून तेच. चांगला हात कुठपर्यंत जातो त्याचीही एक खूण हवी, कारण गाठायचं आहे ते तिथे. घराला रंग नवा दिला असेल तर कपाटाच्या आतल्या बाजूला खुणा कराव्यात, पण कराव्यात.

काहींना याच सुमारास काखेत एक ताणलेली दोरी लागते. हात वर केला की ती कातडीखाली उठून दिसते, कधी कोपरापर्यंत जाते. कॅन्सर परत आला अशी धडकी भरते. ती गाठ नसते. काखेतलं काम झाल्यावर तिथल्या लसिकावाहिन्यांच्या बाजूने तयार होणारा हा ताण असतो आणि फिजिओथेरपीने, हळूहळू ताण देत, बहुतेक वेळा काही आठवड्यांत सुटतो. एकदा डॉक्टरांना दाखवून घ्यावं आणि हात हलवत राहावं.

मग धावायचं कधी? निव्वळ जखमेचा हिशेब केला तर उत्तर तसं सरळ आहे. चालताना जमिनीचा धक्का शरीराच्या वजनाच्या सव्वा पटीच्या आसपास असतो, धावताना दोन ते तीन पट, आणि तो पायातून वर छातीपर्यंत जातो. फक्त गाठ काढली असेल, स्तन राखला असेल आणि काखेतल्या एक-दोनच ग्रंथी तपासायला काढल्या असतील, तर बऱ्याच जणी तीन-चार आठवड्यांत हलकं जॉगिंग करू शकतात. पूर्ण स्तन आणि काखेतल्या ग्रंथी काढल्या असतील तर साधारण सहा आठवडे. इम्प्लांट बसवलं असेल तर सहा ते आठ, कारण ते आतल्या आत बसायला वेळ लागतो. पोटाची किंवा पाठीची कातडी-स्नायू वापरला असेल तर दोन ते तीन महिने, कारण तिथे जखमा दोन असतात. हे ढोबळ आकडे. परवानगी तुमच्या सर्जनची.

पण आपल्याकडे हा हिशेब क्वचितच एवढ्यावर संपतो. निदान उशिरा होतं, त्यामुळे अनेकींना ऑपरेशनच्या आधी किंवा नंतर केमो लागतो, मग रेडिएशन, मग पाच-दहा वर्षांची हार्मोन अडवणारी गोळी. टाके सहा आठवड्यांत भरून येतात, पळण्याचं खरं वेळापत्रक ठरवतात ती ही औषधं. इंटरनेटवर कुणी परदेशी बाई ऑपरेशननंतर दीड महिन्यात पाच किलोमीटर धावली असं वाचून इथली बाई स्वतःला कमी समजते, तेव्हा त्या बाईला केमो होता की नव्हता हे आधी बघावं.

औषधांचा हिशेब

केमो तीन आठवड्यांच्या अंतराने असेल तर त्या एकवीस दिवसांना एक चढउतार असतो. पहिले चार-पाच दिवस मळमळ आणि गळून गेल्यासारखं वाटतं. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. या दिवसांत गर्दीची जिम नको, सकाळी मोकळ्या रस्त्यावरचं चालणं बरं. तिसरा आठवडा सगळ्यात चांगला. ज्यांना आधीपासून पळायची सवय आहे त्यांनी काय थोडंफार पळायचं ते डॉक्टरांना विचारून या आठवड्यात. दर आठवड्याचा केमो असेल तर असा मोकळा आठवडा मिळतच नाही, तेव्हा चालण्यावरच समाधान मानावं. 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला तर ती रुग्णालयात जाण्याची वेळ आहे, क्रोसिन घेऊन झोपण्याची नाही. हिमोग्लोबिन 8 च्या खाली किंवा प्लेटलेट 50,000 च्या खाली असतील तर धावणं नाहीच.

लाल रंगाचा केमो, ज्याने एक-दोन दिवस लघवीही लाल होते, तो डॉक्सोरुबिसिन किंवा त्याच जातीचा असतो. तो हृदयाच्या स्नायूवर परिणाम करू शकतो. हर-टू पॉझिटिव्ह, म्हणजे गाठीत हर-टू नावाचं प्रथिन जास्त असलेल्या कॅन्सरमध्ये साधारण वर्षभर दिलं जाणारं ट्रास्टुझुमॅब हे औषधही करू शकतं. म्हणून ते चालू असताना दर तीन महिन्यांनी टू-डी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, सांगतात. पळायला सुरुवात करण्याआधी शेवटचा एको कधी झाला आणि त्यात काय आलं हे फायलीत बघा आणि कॅन्सरच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "मी धावू का?" सपाट झोपल्यावर दम लागणं, संध्याकाळी दोन्ही पावलांवर सूज येणं, पूर्वी सहज चढत होतो त्या जिन्यावर थांबावं लागणं, या गोष्टी 'स्टॅमिना गेलाय' म्हणून सोडून द्यायच्या नाहीत. केमोनंतर नाडी नुसती बसल्या जागीही जोरात चालते, त्यामुळे घड्याळातल्या हिरव्या-पिवळ्या झोनवर फार विसंबू नका. बोलता येतंय का, हीच कसोटी.

पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधाने तळवे बधिर होतात. चप्पल पायातून सुटली तरी कळत नाही, गादीवर चालल्यासारखं वाटतं, रात्री मुंग्या येतात. बहुतेकींचं हे महिन्यांनी कमी होतं, काहींचं थोडं राहतं. अशा पायांनी आपल्या फुटपाथवर पळणं म्हणजे पडणं. उखडलेल्या फरश्या, मध्येच आलेलं झाड, पावसाळ्यात शेवाळ. जोवर डोळे मिटून दोन्ही पायांवर स्थिर उभं राहता येत नाही तोवर पळू नये. ओट्याला हात टेकून एका पायावर उभं राहण्याचा सराव करावा, आणि सुरुवात शाळेच्या मैदानावर किंवा ट्रॅकवर करावी. घरी आल्यावर मोजे काढून तळपाय बघायचे, फोड आला तरी कळलेला नसतो.

रेडिएशन, म्हणजे अनेक जण नुसतं 'लाईट' म्हणतात ते, चालू असताना चालावं. थकवा त्याने कमी होतो. पण कातडी भाजल्यासारखी होते, घामाने आणि घर्षणाने ती सोलते. सुती सैल कपडे, भर उन्हात नाही, आणि कातडी ओली होऊन फुटली असेल तर ती सुकेपर्यंत धावणं बंद. एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही: रेडिएशन संपल्यावरही आतले स्नायू महिनोन्‌महिने आखडत जातात. म्हणून भिंतीचा व्यायाम टाके सुटेपर्यंतच नव्हे, रेडिएशननंतरही वर्षभर चालू ठेवायचा.

मग लेट्रोझोल किंवा अॅनास्ट्रोझोलची गोळी. सकाळी उठल्यावर बोटं मिटत नाहीत, गुडघे धरतात, पन्नाशीची बाई स्वतःला सत्तरीची समजायला लागते. अनेक जणी याच कारणाने गोळी सोडतात, आणि ते धोक्याचं आहे. अमेरिकेत अशा 121 स्त्रियांवर झालेल्या एका चाचणीत आठवड्याला अडीच तास चालण्यासारखा व्यायाम आणि दोनदा वजनांचा व्यायाम केलेल्या गटात सगळ्यात वाईट दुखण्याचा आकडा जवळजवळ तीस टक्क्यांनी उतरला. म्हणजे सांधे दुखतात म्हणून बसायचं नाही, दुखतात म्हणूनच चालायचं. या गोळ्यांनी हाडं ठिसूळ होतात, त्यामुळे पळण्याआधी डेक्सा स्कॅनचा रिपोर्ट हवा. टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांनी गुठळीच्या धोक्यामुळे पोटऱ्यांवर लक्ष ठेवायचं: एकाच पायाला सूज, दुखणं, गरमपणा असेल तर तो स्नायू भरून आल्याचा प्रकार समजू नये, त्याच दिवशी दाखवावं.

हात सुजण्याची भीती

काखेतल्या ग्रंथी काढल्या की हातातलं लसिकाद्रव्य वाहून जायची वाट अरुंद होते आणि हात सुजू शकतो. याला लिम्फेडेमा म्हणतात. काखेतल्या बऱ्याच ग्रंथी काढलेल्यांपैकी साधारण पाचातल्या एकीला तो होतो, एक-दोनच काढलेल्यांमध्ये बराच कमी. या भीतीपोटी पूर्वी सांगितलं जायचं की त्या हाताने कधीच जोर लावू नका, पिशवीसुद्धा उचलू नका. घरोघरी अजून तेच सांगतात.

हे पहिल्यांदा ठामपणे तपासून बघितलं ते कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या डॉ. डॉन मॅकेन्झींनी. 1996 साली त्यांनी ब्रेस्ट कॅन्सर झालेल्या 24 स्त्रियांना ड्रॅगन बोट, म्हणजे अनेकांनी मिळून वल्हवायची लांब होडी, वल्हवायला बसवलं. वल्हवणं म्हणजे सगळा जोर खांद्यावर आणि दंडावर. त्या मोसमात एकीलाही नवीन सूज आली नाही. पुढे अमेरिकेत कॅथरिन श्मिट्झ यांनी वजनं उचलण्याची रीतसर चाचणी घेतली. 2010 मध्ये आलेल्या निष्कर्षात, पाच किंवा जास्त ग्रंथी काढलेल्यांपैकी वजनं उचलणाऱ्या 7 टक्के जणींना सूज आली, न उचलणाऱ्या 22 टक्क्यांना. अट एकच होती: वजन अगदी हलकं सुरू करून, शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली, थोडं थोडं वाढवायचं.

तेव्हा धावल्याने हात सुजतो हा धाक मनातून काढावा. काळजी घ्यायची ती बारीकसारीक. त्या हातातल्या बांगड्या आणि अंगठी सकाळी काढून ठेवायची, घड्याळ दुसऱ्या हातात. खूप उकाड्यात लांब धावायचं नाही. धावताना बोटं जड झाली तर हात डोक्यावर घेऊन मुठी उघडझाप करायच्या. सूज आधीच असेल तर दाबपट्टीची बाही घालून धावायचं. हात लाल, गरम झाला आणि थंडी वाजून ताप आला तर तो जंतुसंसर्ग आहे. लगेच अँटिबायोटिक लागतं.

ब्राबद्दल दुकानात कुणी बोलत नाही, म्हणून इथे. पहिले काही आठवडे तारेची ब्रा नको, पुढून उघडणारी, रुंद पट्ट्यांची हवी. हात मागे नेऊन हूक लावणं जमत नाही. एक स्तन काढलेला असेल तर दोन बाजूंच्या वजनात फरक पडतो. रोजच्या वापरातला सिलिकॉनचा स्तन धावताना जड होतो आणि घामाने कातडीला चिकटून घासतो. ओळखीच्या शिंपीणबाईंकडून स्पोर्ट्स ब्राला आतून मलमलचा कप्पा शिवून घ्यावा आणि त्यात कापूस किंवा हलका फोम भरावा. ज्यांना काहीच घालायचं नाही त्यांनी तसंच सैल टी-शर्टात धावावं. लोक बघतात, मग आपल्या व्हॉट्सअॅपकडे वळतात.

पहिलं धावणं

तीस-चाळीस मिनिटांचं भराभर चालणं आठवड्यातून पाच दिवस जमतंय, दुसऱ्या दिवशी अंग मोडून येत नाही, जखम कोरडी आहे, हात जवळजवळ पूर्ण वर जातो, आणि डॉक्टर हो म्हणालेत. एवढं झालं की सुरुवात. दहा मिनिटं चालायचं, मग एक मिनिट अगदी सावकाश पळायचं, तीन मिनिटं चालायचं, असं पाच-सहा वेळा. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस मोकळा. एका आठवड्यात एकच गोष्ट वाढवायची: पळायची मिनिटं किंवा फेऱ्या. वेग मुळीच नाही. आधी धावपटू असलेल्यांना हे सगळ्यात जड जातं, कारण पाय जुना वेग विसरलेले नसतात.

कॅन्सरचा थकवा झोपेने जात नाही, हे घरच्यांनीही समजून घ्यावं. आज धावून आल्यावर उद्याचा स्वयंपाक जमला नाही तर आजचं जास्त झालं. कमी करायचं, बंद नाही. आणि "घरकामात होतोच की व्यायाम" हे वाक्य सासरी-माहेरी दोन्हीकडे ऐकू येतं. कपडे वाळत घालताना हात वर जातो, तेवढा फायदा मान्य. बाकी वाकणं, उचलणं, उभं राहणं यात दम लागेल असं सलग काही नसतं. ती अर्धा तास चालायला जाते तेव्हा पोळ्या दुसऱ्या कुणीतरी लाटाव्यात.

व्यायामाने कॅन्सर परत येत नाही का? अमेरिकेतल्या ब्रेस्ट कॅन्सर झालेल्या 2,987 परिचारिकांच्या पाहणीत, जी 2005 मध्ये प्रसिद्ध झाली, आठवड्याला तीन ते पाच तास चालणाऱ्यांमध्ये मृत्यू कमी दिसले. पण ती पाहणी होती, चाचणी नव्हे. ज्यांची तब्येत बरी त्याच जास्त चालतात, असंही असू शकतं. थकवा, झोप, उदासी, सांधे यांवर फायदा होतो याबद्दल मात्र आता फारसा वाद नाही. व्यायाम गोळीच्या जोडीला आहे, गोळीच्या जागी नाही.

एक दुखणं धावणाऱ्यांनी स्वतःच्या अंदाजावर सोडू नये. कमरेत, खुब्यात, बरगडीत एकाच जागी दुखतंय, विश्रांतीने थांबत नाही, रात्री झोपेतून उठवतंय आणि दोन आठवडे झाले, तर ते पळण्याचं दुखणं मानू नका. तपासणीत बहुतेकदा साधंच काही निघतं, पण तपासून मगच.

महाराष्ट्रात फक्त बायकांसाठीची पिंकेथॉन ही धावण्याची शर्यत 2012 साली मुंबईत सुरू झाली. त्यात तीन किलोमीटरचा टप्पाही असतो आणि कॅन्सरमधून गेलेल्या अनेक जणी तो चालत, पळत पूर्ण करतात. मुंबई मॅरेथॉन जानेवारीत असते. नाव नोंदवायचं ते केमो आणि रेडिएशनच्या तारखा समोर ठेवून, आणि बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबराचा कागद, हातात आला की तो उलटा करून मागे लिहायचं: कोणती औषधं चालू आहेत, घरचा कोणता नंबर लावायचा, आणि कोणत्या हाताला सुई टोचायची नाही.